सोलापूरच्या एका ओमेगाचं प्रकरण : डायल कंपनीची की रंगवलेली?

लिहायला या कुटुंबाची परवानगी आहे. नावं, गल्ली, मिल, डीलर, ओळख पटेल असं सगळं काढलंय. घड्याळाविषयीचं मात्र जसं दिसलं तसं लिहितोय.

पार्श्वभूमी

घड्याळ म्हणजे ओमेगा कॉन्स्टेलेशन, मॉडेल १६८.००५, स्टीलची केस, ऑटोमॅटिक, तीनच्या जागी तारीख. मूळ मालक अण्णा, सोलापुरातल्या एका कापड मिलमध्ये विव्हिंग मास्टर होते. १९६५ च्या आसपास मुंबईच्या नातेवाइकाकडून मागवलं असं घरात सांगतात, बिल नाही, डबा नाही, फक्त घड्याळ. रिटायर होईपर्यंत रोज हातात, मिलमध्येसुद्धा. (हे मिलचं लक्षात ठेवा, पुढं त्यावरूनच गाडी रुळावर आली.)

अण्णा गेल्यावर वाटण्या झाल्या. घर झालं, शेत झालं, सोनं झालं, घड्याळ राहिलं. थोरले दादा सोलापुरातच रेल्वे लाइन्सला, ताई जुळे सोलापुरात, धाकटे बापू पुण्याला नोकरीला. गड्ड्याच्या यात्रेला सगळे जमले तेव्हा ठरलं की ज्याला हवं त्यानं ठेवावं आणि बाकीच्या दोघांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यावे, कुणालाच नको असेल तर विकून टाकावं. दोन्हीसाठी किंमत कळायला हवी आणि या घड्याळाची किंमत निम्म्याहून जास्त डायलवर ठरते, इथून सगळं सुरू झालं.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉन्स्टेलेशन ही ओमेगाची १९५२ पासूनची लाइन, क्रोनोमीटर सर्टिफिकेटवाली (वेळेच्या अचूकतेची चाचणी पास झालेली), म्हणजे त्या काळात कंपनीचं मोठं मानाचं घड्याळ. मागच्या झाकणावर वेधशाळेचा शिक्का आणि वर आठ तारे. आत ५६१ नंबरचं मशीन, २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे छोटे खडे), तांबूस रंगाचं, बघत राहावं असं. आणि डायल ‘पाय-पॅन’, मध्ये सपाट आणि कडेला बारा बाजूंनी उतार, उपडं ठेवलेलं ताट असावं तशी. तासांच्या खुणा छापलेल्या नसतात, धातूच्या वेगळ्या बसवलेल्या असतात, सहाच्या वर तारा तोही बसवलेला. वाचायला साधं वाटतं पण याच धातूच्या कडा आणि उतार डायल खरी की रंगवलेली ते सांगतात.

अडचण कुठं आली

बापूंनी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवरून दोन डीलरना पाठवले. मुंबईच्या डीलरनं लगेच कळवलं, ‘रीडायल आहे, बॉम्बे डायल, अक्षरं तुटलीयत बघा.’ म्हणजे त्याच्या मते डायल मूळची नाही, नंतर पुन्हा रंगवलेली. पुण्याचा म्हणाला, ‘एकदम ओरिजिनल, आज पाठवा, आज पैसे.’ आणि मुंबईवाल्यानं सांगितलेली रक्कम पुण्यावाल्याच्या निम्म्याहूनही कमी.

घरात वातावरण तापलं. दादांना वाटलं डीलरनं अण्णांना खोटं ठरवलं. ते मला म्हणाले, ‘अण्णांनी आयुष्यात डुप्लिकेट वस्तू हातात धरली नाही ओ, हे काय बोलतंय ते!’ बापूंना वाटलं पुण्याचा चांगला भाव देतोय तर चौकशी कशाला, देऊन टाकू. ताई गप्प होत्या, पण घड्याळ ठेवायचं त्यांच्याच मनात होतं, आणि किंमत जास्त धरली तर भावांना द्यायची रक्कमही जास्त.

दादांचा राग समजण्यासारखा आहे, पण त्यात एक घोळ होता आणि तो मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतो. रीडायल म्हणजे नकली घड्याळ नव्हे. डायलच्या बाबतीत चार गोष्टी वेगवेगळ्या धरायला लागतात. पहिली, घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचीच डायल. दुसरी, कंपनीचीच डायल पण नंतर सर्विसमध्ये बदललेली, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या घड्याळातून काढून घातलेली. तिसरी, मूळची डायल घासून पुन्हा रंगवून छापलेली, हीच रीडायल. चौथी, कंपनीशी संबंधच नसलेली खोटी डायल. तिसरी आणि चौथी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एके काळी डायल रंगवून देणं हे घड्याळवाल्याचं रोजचं काम होतं, जगभर. आपल्याकडे तर परदेशी पार्ट मिळणंच अवघड, डायल काळी पडली की गिऱ्हाईकच म्हणायचं नवी करून द्या. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक होते ती रंगवलेली डायल आज मूळची म्हणून विकताना.

म्हणजे डायल रंगवलेली निघाली असती तरी अण्णांच्या नावाला धक्का नव्हता. हे दादांना आधी शांतपणे सांगितलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगाचं बोलणं हेच झालं, कारण त्यानंतर ते उत्तर काहीही आलं तरी ऐकायच्या मनःस्थितीत आले.

समोर काय मार्ग होते

पुण्याच्या डीलरला देऊन मोकळं व्हायचं हा एक मार्ग. पैसे जास्त, त्रास कमी. पण त्यानं घड्याळ हातातही घेतलं नव्हतं, आणि फोटोवर ‘एकदम ओरिजिनल’ म्हणणारा माणूस हातात आल्यावर ‘अरे हे तर’ म्हणून भाव पाडणार नाही याची खात्री कोण देणार. शिवाय घड्याळ एकदा कुरिअरनं गेलं की पारडं त्याच्याकडे.

कंपनीच्या सर्विस सेंटरला पाठवायचं हा दुसरा. ऐकायला सगळ्यात सुरक्षित वाटतो, आणि मशीनच्या दृष्टीनं तो चांगलाही आहे. पण कंपनीच्या सर्विसचा उद्देश घड्याळ नव्यासारखं करून देणं हा असतो, त्यात जुनी डायल आणि काटे बदलले जाण्याची शक्यता असते. ज्या गोष्टीची परीक्षा करायची तीच बदलून आली तर काय करणार? पाठवायचंच तर डायल, काटे, चावी काही बदलू नये असं लेखी देऊन पाठवावं.

तिसरा मार्ग मधल्या मारुतीजवळच्या एका घड्याळवाल्यानं सुचवला होता. ‘डायल मुंबईला पाठवून नवी करून देतो की, चकाचक, मग कुणी काही बोलणार नाही.’ मनानं चांगला माणूस, त्याच्या डोळ्याला खराब डायल म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट. पण हे केलं असतं तर विषय कायमचा संपला असता. घासलेली डायल परत येत नाही.

चौथा मार्ग इथंच सोलापुरात, सगळ्यांच्या समोर, फोटो काढत काढत घड्याळ उघडून बघायचा. मी हाच सुचवला, पण एका अटीवर. आधी न उघडता जेवढं दिसतं तेवढं बघायचं आणि त्यातून प्रश्न उरला तरच उघडायचं. साठ वर्षांचं घड्याळ उघडणं म्हणजे काटे वाकायची, डायलवर ओरखडा पडायची जोखीम असतेच, नुसत्या कुतूहलापोटी ती घ्यायची नसते.

न उघडता काय दिसलं

दुपारच्या उन्हात खिडकीशी बसलो, दहापट भिंग आणि एक छोटा टॉर्च. पहिली गोष्ट काच. प्लास्टिकची मूळची काच, मधोमध ओमेगाची अगदी बारीक खूण कोरलेली, ती भिंगातून दिसली. पण काचेवर साठ वर्षांचे ओरखडे. आता विचार करा, ओरखड्यांच्या काचेतून, ट्यूबलाइटखाली मोबाइलनं काढलेला फोटो, वर व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला. अशा फोटोत कुठल्याही डायलची अक्षरं पसरलेली आणि तुटलेली दिसणार! मुंबईच्या डीलरनं जे बघितलं ते त्याला खरंच तसं दिसलं असणार, त्याला खोटं म्हणता येत नाही.

मग अक्षरं. ‘ऑफिशियली सर्टिफाइड’ या ओळीचा उजवा भाग खरोखरच अर्धा गेलेला होता आणि खालच्या ‘कॉन्स्टेलेशन’चं शेपूटही. म्हणजे अक्षरं तुटलीयत हे डीलरचं निरीक्षण बरोबर. पण अक्षरं कशी तुटलीयत हा खरा प्रश्न. रंगवलेल्या डायलवर अक्षरं बहुतेक वेळा जाड होतात, कडा फुगतात, तिरक्या सहीसारख्या अक्षरांत दोन रेषा जुळतात तिथं शाई साचते, ओळी थोड्या वरखाली होतात. इथं उरलेली अक्षरं बारीक, कडा धारदार, शाईला किंचित उठाव. जी गेली होती ती पुसल्यासारखी गेलेली, आणि तिथं टॉर्च आडवा धरला तर गोलाकार बारीक रेघोट्या दिसत होत्या. कुणीतरी कधीतरी डायल कापडानं पुसली होती. बऱ्याच डायलवर छपाई लॅकरच्या, म्हणजे चकाकीच्या पारदर्शक थराच्या, वर असते, त्यामुळे जोरात पुसलं की आधी अक्षरं जातात आणि चकाकी तशीच राहते. इथं नेमकं तेच.

सहाच्या खाली ‘स्विस मेड’, दोन्ही बाजूला ‘टी’ नाही. हे महत्त्वाचं. साठच्या दशकात अंधारात चमकणाऱ्या रंगासाठी रेडियम सोडून ट्रिटियम आलं तेव्हा तसा रंग असलेल्या डायलवर खाली ‘टी’ लिहायला लागले. या डायलवर चमकणारे ठिपके नाहीत आणि ‘टी’ही नाही, म्हणजे जुळतंय. डायल रंगवणारे बऱ्याचदा इथंच चुकतात, ठिपके नसलेल्या डायलवर ‘टी’ छापतात, किंवा ठिपके नवे लावतात आणि ‘टी’ विसरतात.

पण मग काट्यांकडे बघितलं आणि थांबलो. तासांच्या खुणांमध्ये काळी ओनिक्सची पट्टी बसवलेली, आणि अशा डायलबरोबर काट्यांतही काळी रेघ असते. या काट्यांत काळी रेघ नव्हती, त्याऐवजी पिवळट रंग भरलेला. अतिनील टॉर्च मारला तर काटे उजळले आणि टॉर्च बंद केल्याबरोबर विझले. नवा ल्युमिनोव्हा (हल्लीचा अंधारात चमकणारा रंग) असता तर बराच वेळ चमकत राहिला असता, जुनं ट्रिटियम असंच विझतं. म्हणजे काटे जुने, त्याच काळातले, पण या डायलचे नव्हेत. मिनिट काटाही थोडा आखूड, उताराच्या कडेपर्यंत पोचत नव्हता.

इथं पहिला निर्णयाचा क्षण आला. काटे बदललेले आहेत म्हणजे घड्याळ उघडलं गेलंय हे नक्की, आणि घरातलं ‘हे कधी उघडलंच नाही’ हे म्हणणं गळून पडलं. काटे बदलले तर डायलही बदलली असेल का? न उघडता याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. तिघांना सांगितलं, आता उघडायला कारण आहे. ताई लगेच हो म्हणाल्या, दादांनी थोडा वेळ घेतला, बापू व्हिडिओ कॉलवर.

उघडल्यावर

घड्याळ उघडायला एका जुन्या कारागिराला बोलावलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात, हात स्थिर आणि घाई नाही. झाकण स्क्रूचं. आतल्या बाजूला जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा, सुईनं कोरलेल्या, एक ७१ ची आणि एक ७९ ची. घड्याळवाले अशी खूण ठेवायचे, आपण काम केलंय ते पुढं ओळखू यावं म्हणून. मशीनवरचा नंबर २ कोटींच्या पुढचा, म्हणजे साधारण १९६३-६४ चं मशीन, आणि १९६५ च्या घरच्या गोष्टीशी ते छान बसतं. दादांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा जरा बरं वाटलेलं दिसलं.

काटे काढले, चावीची दांडी सोडवली, मशीन बाहेर आलं, आणि काच मध्ये नसताना डायल पहिल्यांदा दिसली. आता बारीक बघायचं होतं ते हे.

बारा उतारांच्या कडा. रंगवताना जुना थर घासून काढायला लागतो आणि त्यात या कडा गोल होतात, वर नवा जाड लॅकर बसला की आणखी बोथट होतात. टॉर्च डायलला जवळजवळ समांतर धरला, प्रत्येक कड स्वच्छ रेघेसारखी उजेड तोडत होती. मधल्या भागाची चंदेरी पोतही शाबूत.

डायलची बाहेरची गोल कड. रंगवणारे डायल छापायला बसवताना नेमकी जागा मिळावी म्हणून कडेला छोटी खाच करतात, तशी खाच सापडली तर कान टवकारायचे. इथं खाच नाही. (खाच नाही म्हणजे रंगवलेली नाहीच असा उलटा अर्थ मात्र काढू नये.)

तारा आणि तासांच्या खुणा. डायल रंगवायची तर या सगळ्या काढायला लागतात किंवा त्यांच्याभोवतीनं रंग मारायला लागतो. काढल्या तर परत बसवताना एखादी तिरकी होते, तारा तर हमखास. नाही काढल्या तर त्यांच्या मुळाशी रंग साचतो. इथं मुळाशी थोडी धूळ होती, रंग नव्हता, आणि तारा सरळ.

आता राहिला दुसरा प्रश्न, छपाई कंपनीची आहे पण डायल याच घड्याळाची आहे का. यावर बरेच लोक हात टेकतात, कारण कागद नसतात. इथं कागदाचं काम दमटपणानं केलं. डायलच्या कडेला, विशेषतः दोन ते चारच्या मध्ये, लॅकर पिवळसर होऊन बारीक तडकलेला, पाण्याची रेघ असावी तसा डाग. सोलापूर म्हणजे कोरडं ठणठणीत, मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं, इथं इतका दमट डाग का यावा? मी विचारलं तर ताईच म्हणाल्या, ‘अण्णा मागात असायचे ना दिवसभर, तिथं सतत पाण्याची वाफ असायची, शर्ट ओला होऊन यायचे.’ बरोबर! विणकाम खात्यात सूत कोरडं पडलं की तुटतं म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडतात. रोज तासन्‌तास त्या हवेत राहणारं घड्याळ, चावीचं रबर म्हातारं झालं की ओलावा चावीच्या बाजूनं आत शिरणार, म्हणजे तीनच्या बाजूनं.

मग मशीनच्या त्याच बाजूला बघितलं. चावीच्या दांडीवर गंज, तारखेच्या चकतीच्या कडेला गंजाचा तांबूस ठिपका, आणि डायलवरचा डाग बरोबर त्यांच्यावर बसत होता. डायल दुसऱ्या घड्याळातून नंतर आली असती तर तिचा डाग आणि या मशीनचा गंज एका रेषेत यायचं कारण नव्हतं. म्हणजे ओलावा शिरला तेव्हा ही डायल याच मशीनवर होती, आणि अण्णा मिलमध्ये होते तेव्हाचीच ती वर्षं.

घरातला एक जुना लग्नाचा फोटोही दादांनी आणला, अण्णांच्या हातात घड्याळ. भिंगाखाली धरला, पण इतका छोटा आणि फिक्का की त्यातून डायलविषयी काही म्हणता येत नव्हतं. बाजूला ठेवला.

निष्कर्ष कसा लिहिला

मी तिघांना लिहून दिलं ते असं : छपाई कंपनीची आहे, डायल पुन्हा रंगवल्याची एकही खूण सापडली नाही. डायल या घड्याळात कित्येक वर्षांपासून आहे आणि मशीनबरोबरच ओलाव्याला तोंड दिलेली आहे. पहिल्या दिवसापासून हीच होती हे शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, पण त्याच्या विरुद्ध काहीही दिसत नाही. अक्षरांचा काही भाग पुसला गेलाय. काटे बदललेले आहेत, बहुधा ७१ किंवा ७९ च्या दुरुस्तीत, ट्रिटियमवाले त्याच काळातले काटे बसवलेत.

‘१०० टक्के ओरिजिनल’ असं लिहून द्या म्हणून बापूंचा आग्रह होता. मी नाही लिहिलं. डायल मूळची, काटे नाहीत, हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि ते वेगळेच लिहायला हवेत. मुंबईच्या डीलरचा घोळ नेमका इथं झाला असं मला वाटतं. त्याला काटे आणि डायल जुळत नाहीत हे दिसलं, अक्षरं तुटलेली दिसली, आणि दोन्ही मिळून त्यानं एकच शब्द वापरला.

हा काटेकोरपणा कशासाठी ते कळायला एक मोठं उदाहरण सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टरचं २९१५-१ हे जुनं मॉडेल ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, त्याच्या तपकिरी झालेल्या डायलचं केवढं कौतुक झालं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानं सांगितलं की ते वेगवेगळे पार्ट जोडून तयार केलेलं होतं आणि त्यात कंपनीचेच माजी कर्मचारी होते. एवढ्या मोठ्या बाजारात, एवढ्या जाणकारांच्या नजरेखालून हे जाऊ शकतं तर आपण प्रत्येक पार्टचं वेगळं सांगितलेलं बरं.

अक्षरांच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्यायला हवं. इंटरनेटवर एक फोटो धरून ‘यात अक्षर असं आहे, तुमच्यात तसं आहे, म्हणून रीडायल’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्या काळात स्विस कंपन्या डायल बऱ्याचदा बाहेरून घ्यायच्या, डायल करणारे कारखानेच वेगळे होते, सिंगर, स्टर्न अशी नावं (स्टर्न फ्रेअर हे डायलवाले, त्यांनीच १९३२ मध्ये पाटेक फिलिप विकत घेतली). एकाच मॉडेलला दोन कारखान्यांच्या डायल असतील तर अक्षरांत बारीक फरक असणारच. म्हणून एका फोटोशी नाही, त्याच वर्षांच्या, त्याच मॉडेलच्या अनेक चांगल्या फोटोंशी ताडून बघायचं, आणि अक्षराच्या आकाराइतकंच त्याच्या कडेकडे बघायचं.

पुढं काय झालं

काचेशिवाय काढलेले स्वच्छ फोटो, डागाचा आणि गंजाचा शेजारी-शेजारी फोटो, सगळं मुंबईच्या डीलरला पुन्हा पाठवलं, या वेळी ईमेलनं, न दाबता. त्यानं सरळ मान्य केलं की डायल रंगवलेली वाटत नाही, आणि रक्कम वाढवली, पण काट्यांसाठी आणि पुसलेल्या अक्षरांसाठी कापून. माझ्या मते ते कापणं योग्यच होतं. पुण्याच्या डीलरला काट्यांचं सांगितल्यावर त्याचा भाव खाली आला. दोन्ही आकडे आता बरेच जवळ आले.

इथं शेवटचा निर्णय होता, आणि थोडी ओढाताण झाली. काट्यांचं पुण्यावाल्याला आधी सांगितलंच नसतं तर जास्त पैसे आले असते, असं बापूंचं म्हणणं. दादांनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, ‘डीलरनं आपल्याला खोटं म्हटलं तेव्हा किती लागलं होतं, आता आपणच लपवायचं का?’ त्यावर बापू काही बोलले नाहीत.

शेवटी विकलंच नाही. दोन्ही डीलरच्या आकड्यांच्या मधली रक्कम धरून ताईंनी घड्याळ ठेवलं आणि भावांचे हिस्से दिले. त्या रोज घालत नाहीत, सणावाराला घालतात. काटे शोधून मूळचे बसवायचे का असं मी विचारलं होतं, काळ्या रेघेचे बरोबर मापाचे काटे मिळतात, वेळ लागतो, पैसे लागतात. त्या म्हणाल्या, ‘मला कळतंय तेव्हापासून अण्णांच्या हातात हेच काटे होते, राहू द्या.’ विकायचं असतं तर मी थोडा आग्रह धरला असता, ठेवायचंय म्हटल्यावर हे बरोबरच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी फोटो. बापूंनी पहिल्याच दिवशी खिडकीच्या उजेडात, काच पुसून, थोडं तिरकं धरून फोटो काढले असते आणि ते फाइल म्हणून पाठवले असते, तर ‘बॉम्बे डायल’ हा शब्द घरात आलाच नसता आणि निम्मा वाद टळला असता. काचेवरच्या ओरखड्यांचा त्रास तरी राहिलाच असता, पण डीलरला निदान कडा दिसल्या असत्या.

दुसरं, घड्याळाची गोष्ट आधी विचारायला हवी. वेळ, वर्ष, कोणी आणलं हे सगळे विचारतात, पण ते कुठं राहिलं, कुठल्या हवेत, कुठल्या कामात हातात होतं, हे कुणी विचारत नाही. इथं मिलमधल्या ओलाव्याचा तपशील सगळ्यात भक्कम पुरावा ठरला आणि तो आला ताईंच्या तोंडून सहज बोलता बोलता. तोच सुरुवातीला कळला असता तर उघडायच्या आधीच डाग कुठं शोधायचा ते माहीत असतं.

तिसरं, १९७१ किंवा ७९ मध्ये दुरुस्ती करणाऱ्यानं काढलेले जुने काटे कागदाच्या पुडीत परत दिले असते तर आज घड्याळ पूर्ण असतं. तेव्हा तसा रिवाज नव्हता, पण आज आहे. तुमच्या घरचं जुनं घड्याळ कुणाकडेही दुरुस्तीला द्या, बदललेला प्रत्येक पार्ट परत मागा, अगदी गंजलेली दांडीसुद्धा, आणि पुडीवर तारीख लिहून ठेवा. ताईंच्या घड्याळाचं रबर आणि दांडी आता चाचांनी बदललीय, गंजलेली दांडी पुडीत आहे, आणि मशीनच्या सर्विसला द्यायच्या कागदावर पहिली ओळ अशी : डायल पुसू नये, धुऊ नये, काटे बदलू नयेत.